आखाजीचा झोका आन् भिजवलेले गहू

चैत्र वद्य ११
शेवंता आली. अमडापूरहून बैलाच्या दमणीत, धुळीनं केस पांढरे. वाळली पोरगी. जावयाले इटारशीले रेल्वेत काम लागलं, आखाजी झाली की तिकडंच नेणार. पुन्हा माहेर कधी, कोणाले ठाऊक. म्हणून यंदा वर्षभराचं बांधून द्यायचं ठरवलं. पापड, काडीवर वळायचे सरगुंडे, कुरोड्या. परमुलखात तिले कोण करून देते?

चैत्र वद्य १३
उडदाचे पापड. पाठ मोडली. आमच्या ह्यांनी विहिरीवरच्या मोटेचा नवा नाडा, चांगला जाड दोर, काढून अंगणातल्या कडूलिंबाले झोका बांधला. म्हटलं, आताच काऊन? म्हणे, पोरगी आली न. शे. जाऊन बसली, लहानपणीसारखी पाय हालवत.
शेजारची चांदबी म्हणे, "लडकी आयी है, जा बैठ उसके पास. पापड मी लाटतो." म्हटलं, तुहे पापड जाड होतात. रुसली.

वैशाख शुद्ध १
कुरोड्याचे गहू भिजवले. रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा. जावई षष्ठीले येणार. दोन उन्हं भेटतात, वाळतात तोवर. बरोबर जमलं.
शे. ने काहीतरी सांगायले घेतलं होतं, सरगुंडे वळताना. अर्ध्यात मी उठले, गाय सुटली होती. मंग राह्यलंच.

वैशाख शुद्ध ३. आखाजी
पुरणपोळी, आंब्याचा रस. गावच्या पोरी झोक्यावर, गाणे. शे. म्हणे, माय बस माह्यासंगं. म्हटलं, चीक निघू दे, मंग बसतो.
झोका थांबवला तिनं. म्हणे, "माय, सासरी तुही सय आली की मले तुही पाठच दिसते. चुलीकडं वळलेली. तोंड आठवाले जातो त येतच नाही."
म्हटलं, खुळी आहेस. गव्हाचं पाणी बदलाले गेले. लई वेळ बदलत बसले.
दिवस बुडता जावई आले, न सांगता. रजा कापली म्हणे. परवा सकाळीच निघायचं.

वैशाख शुद्ध ४
सकाळी पाटा धुतला, गहू उपसले. दोन मुठी वाटले असतील. समोर ती एकटी झोक्यावर. लिंबाचा मोहोर गळत होता, तिच्या केसात, मांडीवर. झटकत नव्हती.
उठले. हात तसेच चिकट. सरक म्हटलं.
आधी घेरी आली. किती वर्षं झाली बसून. वर गेलं की घाट दिसे, निळा, धुरासारखा. खाली आलं की पाटा दिसे. मंग पाटा दिसायचा बंदच झाला. नुसता घाट, मोहोराचा वास, नाड्याचं करकर. लहानपणचं गाणं म्हणाले गेले, अर्धंच आलं. उरलेलं तिनं म्हटलं. तिले कोणी शिकवलं? म्हणे, तूच म्हणत होती दळताना.
ऊन कुठून कुठं गेलं कळलं नाही. जेवलो का, तेही... तिचं डोकं माह्या खांद्यावर. एवढी मोठी बाई, झोपली न. मी हाललेच नाही.
हे येऊन म्हणे, "गव्हाले वास येऊन राह्यला."
"येऊ द्या."
गायीले घातले.

वैशाख शुद्ध ५
गेली. कुरोड्या नाहीत. कुरोड्याचा डबा रिकामा दिला असता त बरं दिसलं नसतं, चांदबीनं तिचे जाड पापड भरले. शे. हसली, "मावशे, एकात पोट भरते."
जावयाले म्हटलं, पुढच्या आखाजीले पाठवान? म्हणे, रजा भेटली त पाहू.
दरसाल गाडी जुपली की मी घरात जातो, गाठोडं राह्यलं म्हणून. रडू दिसू नये. यंदा नाही गेले. पदर तोंडाले लावला नाही. गाडी मोताळ्याच्या वाटेले लागेस्तोवर तोंड तिच्याकडं करून उभी. नाक वाहे, वाहू दिलं. ती मागं बसली होती, इकडंच पाहून.
दिसलं का तिले, कोणाले ठाऊक. धुराळा लई होता.

वैशाख शुद्ध ७
चांदबी विचारून गेली, ऊन आहे अजून, घरच्यापुरते त गहू भिजव. हाव म्हटलं. सुपात घेतले. अर्धे निवडून सूप तसंच घेऊन झोक्यावर जाऊन बसले. घाट आज दिसत नाही, उन्हानं सगळं पाण्यासारखं हालते. त्यात रेल्वेचा रूळ कुठं असंन? बाजूची जागा रिकामी ठेवूनच बसले, उगीच.
हे म्हणे, मोटेचा जुना नाडा तुटाले आला, हा झोक्याचा सोडू का?
मी सुपातले उरलेले गहू निवडाले घेतले, झोक्यावरच.