वाकून बघायचं राहिलं

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सरावासाठी माळावर पलटणीचा तळ पडून आठ दिवस झाले. तुझा भाऊ सध्या डिझेलचा टँकर चालवतो. नियम इतके, की तुझी शिस्त परवडली. टँकरजवळ काडी ओढायची नाही, डिझेल सोडण्याआधी ठिणगी उडू नये म्हणून टँकरची तार जमिनीत खोचायची, तळावर गाडी माणसाच्या चालीनेच न्यायची आणि पुढे एकाने पायी चालायचं. शिवाय गाडी सुरू करण्याआधी भोवती फेरी मारून खाली वाकून बघायचं.

पुढे चालतो तो माझा जोडीदार मास्तर. आमच्या अर्जांतल्या चुका काढतो, म्हणून हे नाव. म्हणतो, एवढं गाडीचं धूड दावं लावल्यासारखं त्याच्या मागे येतं, आत बसलेला मी फुकटचा. मुलीचा फोटो त्याने सगळ्यांना दाखवलाय, आता टँकरलाच दाखवायचा राहिलाय. तिला तू शिवलेला फ्रॉक हवाय. माप आणि त्याच्या घरचा पत्ता सोबत आहे.

उत्तराला उशीर केलास तर रागावेन. दोन मिनिटं तरी.

तुझा,
धाकटा

दि. १० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईचा गुडघा सुधारतोय. जिभेला तर कधी काही झालंच नव्हतं. मशीनपुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे, तरी फ्रॉक आधी घेतलाय. मास्तरांना म्हणावं, शिवणीत चूक काढून दाखवा. वेळेवर जेव.

तुझीच,
ताई

दि. २४ मार्च

ताई,

मास्तर गेला. माझ्याच गाडीखाली गेला.

पहारा संपवून तो दुपारी आडवा झाला होता. माळावर झाड नाही, सावली तेवढी टँकरखाली. तिथं झोपायचं नाही, हे त्यालाही पाठ होतं. इंजिनांच्या आवाजात झोपायची आम्हांला सवयच झालीय. हुकूम आला, दहा मिनिटांत टँकर ओढ्यापलीकडे न्या. मी पुढे चालायला दुसऱ्याला घेतलं, चढलो आणि गाडी काढली. दिवसातून सहा-सहा वेळा वाकायचो गं, तेव्हा नाही वाकलो. चाक उचललं गेलं, तेव्हा मला दगड वाटला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, खाली पाहिलं होतंस का. मी हो म्हणालो. पुढे चालणाराही हो म्हणाला. मग तो नंतर आत सरकला असेल, असं त्यांनीच ठरवलं. कागदावर आलं, मृताचा हलगर्जीपणा. सगळे म्हणतात, आता तोंड उघडू नकोस.

धाकटा

दि. ३१ मार्च

चि. धाकट्या,

पत्र वाचून आधी मला हायसं वाटलं, की तू सुटलास. त्याची लाज अजून जात नाही.

फ्रॉक घेऊन मी त्यांच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तुझी चौकशी केली. मुलाच्या पत्रांतून तू त्यांना चांगला ठाऊक आहेस. मग चौकशीचा तो कागद माझ्यापुढे ठेवून विचारत राहिले, की सुरू होणाऱ्या गाडीखाली शहाणा माणूस सरकेल कसा? सून फ्रॉक घेऊन दारात उभी होती. मी उठून पळालेच म्हण ना.

आईला सांगितल्यावाचून राहवलं नाही. ती म्हणते, एकुलता एक मुलगा आहेस, गप्प राहा. मला तसं म्हणवत नाही, आणि दुसरं काही म्हणायला जीभ रेटत नाही. काहीही केलंस तरी भाऊ माझाच आहेस.

ताई

दि. ९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिला जबाब खोटा होता, असं मी लिहून दिलं. साहेबांनी तीनदा विचारलं, शुद्धीवर आहेस ना. गाडी काढून घेतलीय, वर्दीही जाईल. कैद होईल म्हणतात. पुढे चालणारा माझं तोंड बघत नाही. त्यालाही मी बुडवला.

मास्तरच्या वडिलांना सगळं कळवलंय. क्षमा मागितली नाही, मागायची कोणत्या तोंडाने? आईला जप.

धाकटा

दि. २० एप्रिल

तुमचं पत्र मिळालं.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तेव्हा तसंच सुरू करतो. तो गाडीखाली झोपला, ही त्याची चूक. तुम्ही वाकून पाहिलं नाहीत, ही तुमची. चुका दोन होत्या. कागदावर एकच होती, तीही मेलेल्याच्या नावावर. तुमची तुम्ही लिहून दिलीत, म्हणून हे उत्तर.

क्षमा मला जमलेली नाही. पुढे जमेल, असं खोटंही लिहीत नाही. तुमचं पत्र मी फाडायला घेतलं होतं, ते सुनेने हातातून काढून घेतलं. म्हणाली, मुलगी वाचायला शिकली की तिला द्यायचंय.

पुन्हा लिहू नका.

त्याचे वडील