पिशवीवरचा माणूस

चिरंजीव अमृत, कोकणातल्या वाळूतनं आईचे आशीर्वाद.

मी सांगतेय, तुझी भाची वैदेही लिहितेय. अक्षर चांगलं दिसलं तर कौतुक तिचं कर.

गुडघे बरे हायत. तुझ्या बहिणीच्या, वैजूच्या घरामागंच समुद्र. किनाऱ्यावर टपरी न्हाय, बाकडं न्हाय, नुसती सुरूची झाडं नि धुतल्यासारखी वाळू. ती आपोआप तशी राहत न्हाय बाबा. दर सोमवारी ओहोटीला गावच्या बाया झाडतात. मीबी कचरा उचलते. तितं सोलापुरात सूनबाई मला वाकू देत न्हाय, हितं कुणी अडवत न्हाय.

दिवाळीत तू दुकानातली माणसं घेऊन आलास, लई बरं वाटलं. तुमी गेल्यावर झाडांखाली उष्ट्या ताटल्यांनी भरलेल्या आठ पिशव्या घावल्या, नवी पेठेतल्या आपल्या दुकानाच्या. मला वाचता येत न्हाय, पण पिशवीवर छापलेला तुझ्या बापाचा फोटो ओळखायला शाळा लागत न्हाय. फेटा, मिशा, सगळं तेच. एक तर कुत्र्यानं फाडली होती.

शेजारची पार्वती म्हणाली, "आजी, ह्यावर सोलापूर लिहिलंय. हा मिशीवाला कोण तुमच्याकडचा?"

मी म्हणाले, "कोण की बाई."

चाळीस वर्षं त्यांच्या नावाचं कुंकू लावलं, अमृत, आणि त्यांनाच ओळख दिली न्हाय.

धाकटीचा खोकला गेला का? सूनबाईला विचारलंय म्हणून सांग. शिमग्याला येणार म्हणतोस, तर ये. पण सोमवारपर्यंत राहा. हातात झाडू घे आणि त्या बायांना तुझ्या तोंडानं सांग, तो माणूस कोण ते. मला आता सांगवत न्हाय.

रागावले तरी तुझीच,
आई