एका पासावर दोघी

मी, खाली सही करणार, वय अडुसष्ट, धंदा मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवणे, सध्या निवृत्त, अविवाहित, आज माझ्या खोलीत खिडकीजवळ बसून, चहा घेऊन आणि चष्मा पुसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. हे वाक्य सगळेच लिहितात, पण मला जोर देऊन लिहावे लागते, कारण माझा सख्खा धाकटा भाऊ, जो आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे, त्याने दफनभूमीच्या समितीत "ताईचं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं" असे सांगितले आहे. म्हणून मी काल डॉक्टरांकडून तपासून घेतले. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आले, तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले. दाखला सोबत जोडला आहे.

सोमवारी माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, बरे होईल. मी त्या इस्पितळात उभी हयात काढली आहे. डॉक्टर कोणत्या आवाजात "बरे होईल" म्हणतात यावरून पेशंट कोणत्या मजल्यावर जाणार ते मला कळते.

मृत्युपत्र सहसा माती दिल्यावर वाचतात. हे आधी वाचायचे आहे, माझी पेटी बंद होण्यापूर्वी, माझा भाऊ समोर उभा असताना, मोठ्याने. ही जबाबदारी मी माझी मैत्रीण, सर्जिकल वॉर्डच्या निवृत्त मोठ्या सिस्टर, यांच्यावर सोपवते. त्यांच्या आवाजाला अख्खा वॉर्ड टरकून असे, तेव्हा मधेच कुणी "नंतर वाचू" म्हणाले तर त्या बघून घेतील.

कलम पहिले. ही खोली, आतल्या कपाटासह, माझ्या भाचीला द्यावी. कोणतीही अट नाही. खोलीची लालूच दाखवून तिच्या बापाकडून माझे काम करून घेता आले असते, आणि खरे सांगते, एक आठवडाभर माझ्या मनात तेच होते. पण बापाच्या हट्टाचा भुर्दंड लेकीला कशाला? आणि ज्या कामाबद्दल मी पुढे लिहिणार आहे ते सौद्यात झाले तर मला ते नकोच आहे.

कलम दुसरे. बँकेतली रक्कम. माझी माती साधी करावी, फुले बेताची आणावीत. उरेल ते सिस्टरांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाकडी करायला द्यावे. तळमजल्यावर माणसे जिन्यावर बसून रडतात, ते मला कधी बघवले नाही.

कलम तिसरे. माझे उंच स्टूल सध्याच्या लिफ्टवाल्याला द्यावे. नवी लिफ्ट बटणाची आहे, जाळीचे दार गेले, तरी दिवसभर उभे राहून पाय सुजतात ते सुजतातच. त्याने लाजू नये, बसावे.

कलम चौथे. समितीचे खजिनदार यांना मी माफ केले आहे. माफ करावेच लागते, आमच्यात ती सवलत नाही. परंतु "बाप्तिस्मा न झालेल्या बाईची हाडं आत घेतली तर उद्या कुणीही येईल" हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर म्हटले होते, तेव्हा माझ्या पेटीला त्यांनी खांदा देऊ नये. मागून चालावे. जमल्यास गप्प चालावे.

कलम पाचवे. यात द्यायचे काही नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

आमच्या इस्पितळाचे शवागार तळघरात होते. पेशंट गेला की वॉर्डबॉय स्ट्रेचर लिफ्टमध्ये ढकलत, मला म्हणत, "मावशी, तुम्ही बाहेर या, खालचा माणूस काढून घेईल," आणि जाळी लावून लिफ्ट खाली सोडून देत. कुणालाच बरोबर जायचे नसे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका म्हातारीला असे सोडले. खालचा माणूस जेवायला गेला होता. ती बाई अंधारात, बंद जाळीमागे, कितीतरी वेळ एकटी होती. मला ते सहन झाले नाही. मी ओरडले, सगळ्यांची खरडपट्टी काढली, आणि त्यानंतर माझ्या लिफ्टमधून कुणीही एकटे खाली गेले नाही. मी बरोबर जायची आणि खालचा माणूस येईपर्यंत थांबायची. गेलेला माणूस कोणत्या धर्माचा, बिल भरले की नाही, हे मी कधी विचारले नाही. लिफ्टवालीला तो अधिकारच नव्हता.

दुसरी माझी सवय भेटीच्या वेळेची. एका पेशंटमागे एक पास, एका पासावर एकच माणूस. दोन बहिणी यायच्या, पास एक. मी म्हणायची, "पास दाखवा. बरं. या दोघी आत. दारात उभ्या राहू नका." यावरून मला दोनदा मेमो मिळाला. साहेबांना मी सांगितले, पासावर एक नाव असते, त्या नावाने कुणाचा हात धरला आहे ते लिहिलेले नसते. साहेबांनी तिसरा मेमो दिला.

कलम सहावे. आमची आई.

आई लोकांचे कपडे धुवायची. ती गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि भाऊ चार. येशूचे नाव आमच्या गल्लीत तोवर कुणी घेतलेले नव्हते. ती गेल्यावर वर्षभराने एक म्हातारे पाळक गल्लीत यायला लागले, आणि बाबांनी आम्हा दोघांसह बाप्तिस्मा घेतला. आईला तोवर सार्वजनिक दफनभूमीत पुरले होते. मंडळीची दफनभूमी तिला लागूनच, मधे फक्त भिंत.

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी म्हाताऱ्या पाळकांना विचारले, "आमची आई कुठे असेल?" ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. मग म्हणाले, "पोरी, शुक्रवारी येशूला मारलं आणि रविवारी तो उठला. मधल्या दिवशी तो कुठे होता? आपण दर रविवारी विश्वासाच्या अंगीकारात म्हणतो ना, तो मेलेल्यांच्या जगात खाली उतरला. त्याच्या आधी जे जे गेले होते त्यांच्याकडे तो स्वतः गेला. कुणाकुणाला वर आणलं यावर लोक आजवर भांडताहेत. कुणी म्हणतं, जे वाट बघत होते तेवढ्यांनाच. कुणी म्हणतं, त्यानं दारंच मोडून टाकली. मला एवढंच ठाऊक आहे, की तो गेला होता. पुढचं मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी मनानं बनवणार नाही." त्यांच्या त्या उत्तरावर मी आजवर तग धरला.

आता सार्वजनिक दफनभूमीतून रस्ता जाणार आहे. फाटकावर नोटीस लागली, की महिनाअखेरपर्यंत नातेवाइकांनी आपापली माणसे हलवावीत, नाहीतर सगळी हाडे एका खड्ड्यात जातील. मंडळीच्या दफनभूमीत माझी जागा राखीव आहे. मी समितीकडे अर्ज केला, की माझ्या जागेत आईला ठेवू द्या. समितीचा अध्यक्ष माझा भाऊ. अर्ज नामंजूर.

तो मला समजवायला आला. आमचे बोलणे जसेच्या तसे लिहिते.

तो म्हणाला, "ताई, नियम मी केलेला नाही. ख्रिस्ताचं नाव घेतल्याशिवाय तारण नाही."

मी म्हटले, "आब्राहामानं कधी घेतलं होतं?"

"आब्राहामाला वचन होतं. तो येणाऱ्याची वाट बघत होता."

"आईपण बघत होती. कुणाची, ते तिला कुणी सांगितलं नाही."

"ते लोक ख्रिस्ताच्या आधीचे, ताई. आई नंतरची."

"आपल्या गल्लीत तो आई गेल्यावर आला. आपल्या गल्लीपुरती आई आधीचीच."

त्यावर तो चिडला नाही, आणि तेच मला जास्त लागले. मान खाली घालून म्हणाला, "किती जणांना मी नाही म्हटलंय, तुला माहीत आहे? एका माणसाला त्याच्या बायकोसाठी नाही म्हटलं. आता स्वतःच्या आईसाठी हो म्हणू? त्याला काय तोंड दाखवू?"

छोटू, त्या माणसाकडे जा आणि त्यालाही हो म्हण. मी त्या दिवशी हे बोलले नाही, आज लिहिते.

कलम सातवे. खिडकीखालची पत्र्याची ट्रंक, जिच्यावर गोधडी घातलेली असते.

पाळकसाहेब, म्हणजे माझा भाऊ, दर रविवारी भक्तीनंतर येऊन याच ट्रंकेवर बसतात. गेल्या रविवारी तिच्यावर बसून त्यांनी मला अर्धा तास समजावले, की आईला आत का घेता येत नाही. माझा जीव टांगणीला लागला होता. त्यांनी टाच ट्रंकेवर आपटली की मी त्यांना खुर्चीवर बसायला सांगायची. आई ट्रंकेत आहे.

कबर खोदणाऱ्या काकांनी तिला नोटिशीच्या मुदतीत, रीतसर, माझ्या नावावर काढून दिले. पावती झाकणाच्या आत चिकटवली आहे. तिची हाडे बांधलेली चादर नवी, मी विकत घेतलेली आहे, इस्पितळातून उचललेली नाही. हे मी भावाला जिवंतपणी सांगितले नाही, कारण तो नियमाचा माणूस आहे, त्याने तिला त्याच दिवशी उचलून त्या सामाईक खड्ड्याकडे पाठवले असते आणि रात्रभर रडला असता. मी त्याला ओळखते, मी त्याला वाढवले आहे.

तर माझी इच्छा अशी, की ही चादर माझ्या पेटीत, माझ्या उजव्या हाताशी ठेवावी आणि मग झाकण लावावे. माझा बाप्तिस्मा झाला आहे, माझी जागा पक्की आहे, माझा पास खरा आहे. पेटीत माझ्या हाताशी काय असावे याबद्दल समितीचा नियम काही म्हणत नाही. मी तो तीनदा वाचला.

कलम आठवे. भावाने नाही म्हटले तर त्याच्याशी कुणी हुज्जत घालू नये. माझी जागा मंडळीला परत द्यावी. शहराबाहेर नवी सार्वजनिक दफनभूमी झाली आहे, तिथे आम्हा दोघींना एका खड्ड्यात ठेवावे. सिस्टरांनी तिथे बोलून ठेवले आहे. ती आत येणार नसेल तर मी बाहेर जाते. हा माझा रुसवा नाही. मी परक्या माणसांना एकटे खाली पाठवले नाही, आईला कशी पाठवू? मला भीती वाटते का? वाटते. भाऊ म्हणतो ते खरे असेल तर आई जिथे आहे तिथे त्याच्या मते कुणी येत नाही. पण येशू एकदा तिथे येऊन गेला आहे, आणि वाट त्याच्या पायाखालची आहे.

तसे झाल्यास, छोटू, तिथे पाळक म्हणून येऊ नकोस. लेक म्हणून ये.

कलम नववे, शेवटचे. हे फक्त भावासाठी आहे, पण सिस्टरांनी तेही मोठ्यानेच वाचावे.

छोटू, बाप्तिस्मा झाल्यावर घरी येताना तू माझ्या कडेवर होतास. तू विचारलेस, "ताई, आपण वर गेल्यावर मला आई ओळखू येईल का?" तुला तिचा चेहरा आठवत नव्हता. आपल्याकडे तिचा फोटो नाही. मी तेव्हा तुला "हो" म्हणून टाकले, आणि तू झोपलास. तू मोठा झालास, शिकलास, आणि आई तिथे नाहीच असे ठरवून मोकळा झालास. मला वाटते, जी ओळखू येणार नाही तिला शोधत फिरण्यापेक्षा तुला ते सोपे गेले. मी तुझ्यावर रागावले होते, फार. आता नाही.

ती चादर तू स्वतः उचल. जड नाही. आणि ओळखण्याची काळजी करू नकोस. मला तर तू ओळखशील ना? मी जिचा हात धरून उभी असेन, ती आई.

सही: लिफ्टवाली मावशी म्हणून जिला सगळे ओळखतात ती, भावाची ताई.

साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर (सही). शेजारची शिंपीण (सही, तिने काहीही वाचलेले नाही, फक्त मला लिहिताना आणि डोळे पुसताना पाहिले).

ठिकाण: माझी खोली, ट्रंकेशेजारी.

वार: शनिवार. काल उत्तम शुक्रवार झाला, उद्या येशूच्या उठण्याचा रविवार. आज तो खाली आहे.