बाजूला ठेवलेले पाच टक्के

३ जून
आजच्या मीटिंगमध्ये लॅबमधल्या सुश्रुतने माझ्या प्रोटीनच्या मॉडेलचा जाहीर अपमान केला. म्हणाला, “मॅडम, हे प्रोटीन नाही, लोणावळ्याची चिक्की आहे. जागा दिसली की पाण्याचा रेणू कोंबलाय!” सगळी लॅब हसली. माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक इरावती मॅडमसुद्धा. चोख उत्तर मला घरी परतताना, बसने वडगाव सोडल्यावर सुचले.
संकल्प : सूड. सभ्य आणि शास्त्रशुद्ध.

४ जून
प्रोटीन एकच, मॉडेले दोन. ज्याचे अधिक जुळेल, तो बंगळूरूच्या परिषदेत बोलणार. क्ष-किरणांनी दिलेले ठिपके आणि मॉडेलवरून काढलेले ठिपके यांतील तफावत म्हणजे ‘आर’. जितका कमी, तितका उत्तम. त्याचा एकोणीस टक्के, माझा चोवीस. मी सतरावर आणणार. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हा मुद्दा गौण आहे.

९ जून
मॉडेलमध्ये आणखी पाणी घातले. आर वीस! मात्र ‘आर-फ्री’ वाढला. पाच टक्के ठिपके मॉडेलला न दाखवता बाजूला ठेवतात आणि नंतर त्यांच्यावर त्याची परीक्षा घेतात. तो हा आकडा. अत्यंत चहाडखोर. सुश्रुतचा नातेवाईक शोभेल.

१२ जून, दुपार
तोडगा सापडला. मी आयुष्यात एकही प्रश्न ऑप्शनला टाकलेला नाही. बोर्डात ‘कोणतेही चार सोडवा’ असतानाही सहा सोडवले. मग चांगला डेटा बाजूला का टाकायचा? ते पाच टक्केही मॉडेलला दाखवले. आर सतरा, आर-फ्री अठरा! याला परिपूर्ण अभ्यास म्हणतात. आकड्याचे नाव ‘आर-फ्री’च ठेवले, नवे नाव देणे गर्विष्ठपणाचे दिसले असते.

१३ जून
घरी आबांना बंगळूरूबद्दल सांगितले. म्हणाले, “तितं जाऊन बोलणार व्हय? हितं कंडक्टरकडं तिकीट मागताना तुझा आवाज न्हाई निघत!” दुर्लक्ष केले.

१७ जून
सुश्रुतचा आर-फ्री संशयास्पद चांगला आहे. नक्की लबाडी. मॅडमना ईमेल लिहिला, मुद्देसूद : उभयतांच्या मूळ फाइल्स सर्वांसमक्ष उघडाव्यात, ठिपके खरोखर बाजूला ठेवले होते का, हे तपासावे, दोषी व्यक्तीने काम पहिल्यापासून करावे, आणि तेही दुसऱ्याच्या देखरेखीखाली. मॅडमचे उत्तर : “उत्तम सूचना.”
त्याला रोज सकाळी किती वाजता बोलवावे, याचा विचार करत आहे.

२० जून
सुश्रुतची फाइल आधी उघडली. स्वच्छ. हा धक्का मी सावरत होते, तोवर माझी उघडली. मॅडम म्हणाल्या, “प्रेरणा, तू बाजूला काहीच ठेवलेलं नाहीस गं.” ऑप्शनचा मुद्दा मांडायला उभी राहिले. “मॅडम” एवढेच बाहेर पडले. सुश्रुत या वेळी हसलाही नाही. हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.

२३ जून
बंगळूरूला सुश्रुत जाणार. माझे काम पहिल्यापासून सुरू, माझ्याच ईमेलप्रमाणे. आज सकाळी त्याच्या शेजारी बसून पाण्याचा एकेक रेणू काढला. तो प्रत्येक वेळी “शाब्बास” म्हणत होता.
ईमेलमध्ये एक त्रुटी राहिली. देखरेख किती काळ, हे मी लिहिलेच नव्हते. मॅडमना विचारले. म्हणाल्या, “तुझा प्रबंध होईपर्यंत.”