धुराचे पंधरा दिवस

पुणे, २२ मार्च २०२१

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी ओरडते आणि तुम्हाला काही ऐकू येत नाही, म्हणून कागद काढला. शिवाय पोरीचं पत्र खिशात घालून बावडाभर मिरवायला तुम्हाला आवडतं, हे मला ठाऊक आहे.

आमच्या प्रयोगशाळेत हवेतली धूळ आणि धूर मोजतात. गेलं वर्षभर आम्ही एकच गोष्ट ताडून बघतोय: जिथे हवा वाईट, तिथे कोरोना जास्त लागतो का आणि लागला तर जास्त जड जातो का. तसं दिसतंय. वर्षानुवर्षं धूर खाल्लेली छाती या रोगापुढे कमी पडत असावी. हे आकडे बघताना मला दर वेळी गुऱ्हाळावर चुलवाणाच्या तोंडाशी बसून आगीत उसाची चिपाडं सारणारे तुम्हीच दिसता. चाळीस वर्षं झाली, अप्पा. तुमच्या खोकल्यानंच आम्ही बहिणी सकाळी जाग्या व्हायचो. उरलेला हंगाम जळण दुसऱ्या कुणाला घालू द्या. मला फार भीती वाटते.

अव्वाला नमस्कार. माया करताच, या वेळी थोडं ऐकाही.

तुमची,
तेजस्वी

कसबा बावडा, २९ मार्च

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पावलं. अक्षर झकास, मजकूर बेकार. पुण्याला जाऊन बापाला भ्या दाखवायला शिकलीस व्हय? माझ्या छातीत इतका धूर हाय की तुझा कोरोना दारातूनच ठसकत माघारी जाईल. सयाजी गुळव्याचंही हेच मत आहे. चाळीस हंगाम तो वर रसाच्या काहिलीवर आणि मी खाली आगीपाशी. त्यानं नुसता हात हलवला तरी जाळ किती हवा ते मला कळतं. माझ्या जागी दुसरा बसवला तर गूळ करपवून ठेवील.

पण तुझं पत्र वाचल्यापासून तुझी अव्वा माझ्याशी बोलेना झालीय. तेव्हा नीट कळव. किती दिवस धुरापासून लांब राहिलं म्हणजे छाती साफ होते? काहील घासायला आम्हाला घटका पुरते, छातीला किती? असावं, दिसतंय, असलं लिहू नकोस. आकडा लिही. तेवढे दिवस मी घरात बसतो, शब्द देतो.

पोटभर जेवत जा. आशीर्वाद मागायची गरज नाही, ते रोजचेच आहेत.

तुझा,
अप्पा

पुणे, ४ एप्रिल

ती. अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवस. पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजा, आणि पूर्ण पंधरा. तुमचा शब्द मी धरून ठेवलाय.

तुमची,
तेजस्वी

पुणे, ४ एप्रिल

प्रिय आक्कास,
सा. न. वि. वि.

जयसिंगपूरला सगळे बरे ना? आज मी एक वाईट काम केलंय, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. अप्पांनी आकडा मागितला आणि मी पंधरा लिहून पाठवला. असा आकडा कुठेच नाही, आक्का. चाळीस वर्षांचा धूर किती दिवसांत उतरतो, उतरतो तरी का, हे कुणालाच माहीत नाही. आमचा अभ्यास हजारो माणसांचा. त्यातून एका माणसाचं काही सांगता येत नाही. पण हे खरं लिहिलं असतं तर ते एक दिवसही बसले नसते. पंधरा दिवसांत हंगाम उरकत येईल, असा हिशेब केला. तू अप्पांना काही बोलू नकोस.

धाकटी म्हणून पोटात घाल.

तुझी,
तेजस्वी

जयसिंगपूर, ४ मे

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर मला रडूच येतं, म्हणून लिहिते. अप्पा शब्दाप्रमाणे घरात बसले होते. कॅलेंडरवर रोज एक रेघ मारायचे आणि गुऱ्हाळाच्या दिशेनं बघत बसायचे. एप्रिलच्या बावीस तारखेला कळलं की सयाजीमामा तापानं फणफणून गुऱ्हाळाच्या छपरात पडलेत आणि भीतीनं कुणी जवळ जात नाही. अप्पा उठले ते थेट तिकडंच गेले. अव्वा वाटेत आडवी आली तर म्हणाले की माझी छाती आता कोरी हाय, पोरीनं लेखी दिलंय. तुझं पत्र काढून दाखवलं. तीन दिवस मामांना पेज पाजली, अंग पुसलं.

मामा आता बरे आहेत. अप्पा रविवारपासून कोविड सेंटरमध्ये ऑक्सिजनवर आहेत. कुणालाच आत सोडत नाहीत. तू निघू नकोस, जिल्ह्याची हद्द बंद आहे, आणि येऊन तरी काय करशील? मी जवळ असून सेंटरबाहेरच्या झाडाखालीच बसते. तुझ्यावर रागावू म्हणते, पण रागावताही येत नाही गं.

आहेस तशीच माझी आहेस.

आक्का

कोविड सेंटर, कोल्हापूर, ७ मे

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ. वि. वि.

अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. इथल्या सिस्टरनं कागद दिला.

आक्कानं निरोप धाडला की तू जेवत नाहीस, स्वतःला बोल लावतेस. तो येडेपणा सोड. मी पुन्हा मोजलं. तुझं पत्र आठ तारखेला आलं, नऊपासून धरलं तर बावीसला चौदाच होतात. एक दिवस मी आधी गेलो. तू पूर्ण पंधरा लिहिलं होतंस. आकडा तुझा बरोबर होता, घाई माझी झाली. इथल्या डॉक्टरांनाही मी तसंच सांगितलंय.

आता एकच कळव. हा ऑक्सिजन किती दिवसांनी निघतो? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. तरुण आहेत, त्यांना काय कळतंय. तुला माहीत असणार. आकडा लिही. या खेपेला एक दिवसही कमी करणार नाही.

उत्तराची वाट बघतो. आशीर्वाद.

तुझा,
अप्पा