केकवरचं एक्कावन्न

उमरखेड

प्रिय जया,

पत्र पाहून तू चमकशील. फोन असताना ही बाई कागद कायले काळे करून राह्यली, असं म्हणशील. पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि धर्मपालभाऊजी शेजारीच बसलेले असतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर एकदम पडायला नको. म्हणून पाकिटावर फक्त तुझं नाव घातलंय. एकटी असशील तेव्हा वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच राग येईल, तरी वाच.

इकडे सगळं ठीक आहे. जीवनचं दुकान बरं चालतं, सुनेला सातवा लागलाय, माझे गुडघे सोडले तर तक्रार नाही. बाभुळगावचं घर विकून मुलाकडे आले तेव्हा तू म्हणाली होतीस, तुला करमणार नाही. नाहीच करमत. सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी तुझं स्टेटस उघडते. यवतमाळच्या गोधणी रोडवर तुम्ही दोघं, पांढरे बूट, गळ्यात टॉवेल. कधी ताटातली मोड आलेली मटकी आणि जवसाची चटणी. खाली भाऊजींनी लिहिलेलं असतं, 'लक्ष्य शंभर'. मी हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि फोन पालथा ठेवते. पालथा का ठेवते, ते तुला कधी सांगितलं नाही.

तू फोनवर कुरकुर करतेस, संध्याकाळी सहानंतर घरात चूल पेटू देत नाहीत, साखर बंद केली, आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, रोज माझं बीपी मोजतात. म्हणतेस, उज्ज्वला, या माणसाच्या शंभर वर्षांपायी मी साठीतच मरते बघ. मी हसते. पण जया, मला तुझ्या या कुरकुरीचासुद्धा हेवा वाटतो. कुणीतरी रोज आपल्या दंडाला पट्टा गुंडाळावा, आकडा पाहून कपाळाला आठ्या घालाव्यात, आणि आपण त्याच्यावर चिडावं, हे सुख काय असतं ते तुला आज कळणार नाही.

बाभुळगावचे आपले दिवस आठव. शाळेच्या मागच्या गल्लीत समोरासमोर दोन खोल्या. तुझा नवरा विज्ञान शिकवणारा, माझा देवसिंग कवायत घेणारा. दोघं शाळा सुटली की टपरीवर जात आणि एकच खर्रा घोटून घेत. तंबाखू, सुपारी, चुना, प्लॅस्टिकच्या कागदावर घासघासून. एका पुडीचे दोन भाग होत, अर्धा तुझ्या घरात यायचा, अर्धा माझ्या. आपण दोघी ओट्यावर बसून त्यांना सारख्याच शिव्या घालायचो. मी देवसिंगच्या हातापाया पडले, शपथा घातल्या, एकदा दोन दिवस जेवले नाही. तो म्हणायचा, "तू कायले घाबरून राह्यली? मी रोज मैदानाले दहा चकरा मारतो. मले काय होते?" भाऊजी तर मैदानावर पायही ठेवत नसत. पोट सुटलेलं, जिना चढताना धाप. दोघांपैकी कुणाला कॅन्सर होईल असं कुणी विचारलं असतं, तर मी भाऊजींचंच नाव घेतलं असतं. झालं देवसिंगला.

नागपूरच्या दवाखान्यात त्याचा अर्धा जबडा काढला तेव्हा तू माझ्याजवळ होतीस, ते मी विसरले नाही. तो गेल्यावर त्याच्या बंजारा वस्तीत, तांड्याबाहेर त्याला अग्नी दिला, आणि तिथून परत येताना भाऊजींनी खिशातली पुडी नाल्यात फेकली. त्यानंतर खर्ऱ्याला हात लावला नाही. हे तू मला महिनाभरानं सांगितलंस, डोळ्यांत पाणी आणून. तुला वाटलं, मला बरं वाटेल. जया, मी पंचवीस वर्षं ज्याच्यासाठी हात जोडले ते तुझ्या पदरात एका दुपारी पडलं, आणि तेही माझा नवरा जाळून. तुझ्या नवऱ्याला जी वर्षं मिळाली ती माझ्या नवऱ्याच्या वाट्यातून काढून दिल्यासारखी वाटली मला. अजून वाटतात. असं काही नसतं हे मला कळतं. कळून काय उपयोग!

मग भाऊजी वाचायला लागले. पेशी म्हाताऱ्या का होतात, कमी खाल्लं तर आयुष्य का वाढतं, झोपेत शरीर स्वतःची दुरुस्ती कशी करतं. ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात त्यांची व्याख्यानं सुरू झाली. प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात एकच असते, "माझा मित्र देवसिंग गेला, आणि मी जागा झालो." लोक टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही वाजवल्या. नंतर मनात यायला लागलं, म्हणजे माझा माणूस आता यांच्या भाषणातली पहिली ओळ झाला. तो आदिवासी पाड्यावरच्या पोरांना अनवाणी पळवून जिल्ह्यात पहिला आणायचा, होळीला डफ घेऊन आख्खा तांडा नाचवायचा, यातलं काही त्या ओळीत येत नाही.

आता गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. भाऊजींची साठी. हॉल फुलांनी सजवलेला, तू मोरपंखी साडीत किती गोड दिसत होतीस. भाऊजींनी कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेत रक्त पाठवून शरीराचं खरं वय काढून आणलं होतं. तू हौसेनं तोच आकडा केकवर घालून आणलास. झाकण काढलं, सगळे ओरडले, एक्कावन्न! जया, देवसिंग एक्कावन्नाव्या वर्षी गेला. तुझ्या लक्षात नव्हतं, मला माहीत आहे. तू मुद्दाम कशाला करशील? पण मी तिथं उभी होते, हातात कागदाची बशी घेऊन. माझा एक्कावन्नावर थांबला, आणि तुझा साठीहून मागे चालत एक्कावन्नावर येऊन पोचला. तुला मिठी मारून मी अभिनंदन म्हटलं तेव्हा माझ्या पोटात नुसती आग होती.

म्हणूनच मी त्यांच्याकडे एकटक बघत होते. बाकी सगळे आनंदात होते, मी जळत होते, आणि जळणाऱ्या माणसाला बारीकसारीक फार दिसतं. मेणबत्ती एकच होती. भाऊजींनी फुंकली, विझली नाही. पुन्हा फुंकली, ज्योत नुसती हलली. लोक हसले, कुणी म्हणालं, "सर, एक्कावन्नचा दम कुठी गेला?" शेवटी तू फुंकलीस. तू केकचा तुकडा त्यांच्या तोंडाशी नेलास तर त्यांनी तो तुझ्या हातातून घेतला, चमच्यानं बारीक केला आणि ओठांच्या फटीतून आत सारला. जेवताना ठेचा आला. ठेच्याशिवाय भाकरीला हात न लावणारा माणूस, बोटभर चाटून डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, तिखट सोडलंय, आतड्याला चांगलं. सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. आणि जेवण झाल्यावर खिशातून डबी काढून त्यांनी सुपारी गालात धरली. तूही ते पाहिलंस. तंबाखू नाही ना त्यात, पचनाला बरी, असं तूच मला मागे सांगितलं होतंस.

देवसिंगचं कसं सुरू झालं ते तुला माहीत नाही, कारण तेव्हा ते मलाही कळलं नव्हतं. शाळेच्या खेळांच्या दिवशी त्याची शिट्टी वाजेना. त्यानं दोन शिट्ट्या बदलल्या, दुकानदाराला शिव्या दिल्या. मग तिखट लागेना, मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागला. मी समजले, दाढ दुखत असेल. पुढे डॉक्टर म्हणाले, गाल आतून ताठ झालेत, फुंकर घालता येत नाही ती त्यामुळेच. आणि हे नुसत्या तंबाखूनं होत नाही बाई, सुपारीनं होतं. वर्षभर आधी आणलं असतं तर, म्हणाले.

खोटं कशाला लिहू? त्या हॉलमध्ये हे लक्षात आलं तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. परतीच्या एसटीत आर्णी गेलं, महागाव गेलं, तरी ते बरं वाटणं जाईना. मनात आलं, आता जयाला कळेल. घरी आले, जेवले, देवसिंगच्या फोटोसमोर दिवा लावायला गेले आणि काडी न ओढताच खाली बसले. त्यानं मला तिथल्या तिथं विचारलं असतं, "काहून गप बसली तू? धरमपाल माझा कोन होता?" तरीही मी इतके दिवस गप्प राहिले. कधी वाटे, माझा भ्रम असेल. कधी वाटे, भ्रम नसू दे.

जया, हे पत्र मिळेल त्याच दिवशी भाऊजींना उजेडात खुर्चीवर बसव आणि तोंड उघडायला सांग. त्यांचीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का बघ. आत गालावर पांढरं दिसतं का, बोट फिरवून दोरीसारखं ताठ लागतं का, ते बघ. काही दिसो न दिसो, उद्याच्या उद्या तोंडाच्या डॉक्टरकडे ने. म्हणतील, माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. त्यांना सांग, रक्त बाटलीत जातं, तोंड कुणी पाहिलेलं नाही. आणि ती डबी आजच फेक. कुणी सांगितलं विचारलं तर माझं नाव घे, माझ्यावर रागावू देत. सोबत कुणी हवं असेल तर एक फोन कर, पहिल्या गाडीनं येते, दवाखान्यातली बाकडी मला पाठ आहेत. माझी आग विझलीय असं समजू नकोस. तुझं स्टेटस मी उद्याही बघेन आणि फोन पालथा ठेवेन. पण मला तुझा हेवा अजून पुष्कळ वर्षं करायचाय, जया. तू माझ्यासारखी झालीस तर मी कुणाचा करू?

आहे तशी, तुझीच
उज्ज्वला