शिवणकाम नावाचं फोल्डर

३ फेब्रुवारी

सात मिनिटं! बटण दाबल्यापासून कॉम्प्युटर चालू व्हायला सात मिनिटं. पुस्तक उघडायला आणखी तीन. तेवढ्यात माझी भांडी घासून झाली.

ह्यांच्या मित्राने, कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या भाऊजींनीच बसवलेली ती एसएसडी, सगळं साठवणारी नवी डिस्क. 'वाऱ्यासारखा पळेल, वहिनी!' पळतोय. डुप्लिकेट माल, दुसरं काय! तीन वर्षांपूर्वी मी हेच त्यांना फोनवर सुनावलं, पुन्हा आमचा उंबरा चढू नका म्हणून बजावलं. हे शेजारीच उभे होते. बोलले काही नाहीत.

५ फेब्रुवारी

लेकीचा फोन. 'आई, काकांना शिव्या नंतर दे. आधी तपासू.' कॉम्प्युटरचा डबा उघडायला लावला. धूळ काढली, वायर काढून परत बसवली. 'टक् आवाज आला का?' आला. फरक शून्य. मग एसएसडीची तब्येत बघणारा प्रोग्राम चालवला. तब्येत ठणठणीत. माल अस्सल.

अस्सल? मी दोनदा विचारलं.

'जागा किती उरलीय?' एक टक्का. 'अगं, काठोकाठ भरलीय! तिला हलायला मोकळी जागा लागते, नाहीतर रांगणारच. कशाने भरलीय एवढी?'

बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

बघायचं काय त्यात! चौथीत शाळा सुटली माझी. नीट वाचायला शिकले ती लेकीच्या पुस्तकांवरून. पुढे पानन्‌पान फोटो काढलेली जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर मिळतात असं कळलं आणि अधाशासारखी उतरवत सुटले. ह्यांनी हसू नये म्हणून फोल्डरचं नाव ठेवलं 'शिवणकाम'. अकराशे चाळीस पुस्तकं आहेत त्यात. वाचलेली दोनशेही नसतील.

६ फेब्रुवारी

गल्लीभर सांगत फिरले होते मी, त्या दुकानातून काही घेऊ नका.

आणि गेल्या वर्षी हे गेले तेव्हा लेक म्हणाली, 'काकांना कळवू?' मी म्हटलं, नको. त्या माणसाचं तोंड बघायचं नाही मला.

८ फेब्रुवारी

चारशे पुस्तकं काढली. अर्ध्या मिनिटात कॉम्प्युटर चालू झाला. त्याच्याकडे बघवेना.

१० फेब्रुवारी

गेले दुकानात. भाऊजी कुणाचा तरी कीबोर्ड उलटा करून झटकत होते. केस पार पांढरे झालेत. 'बसा, वहिनी.' मी उभीच. सगळं सांगून टाकलं.

ते हसले! 'शिवणकाम ना? तुमच्या फोननंतर तुमचा नवराच तो डबा इथे घेऊन आला होता, तेव्हाच पाहिलं मी. म्हटलं, सांग तिला, थोडी पुस्तकं काढून टाक म्हणावं. तर म्हणतो, ओशाळेल ती, वाचायचीच थांबेल. त्यापेक्षा दोष तुझ्यावर राहू दे!'

'आणि तुम्ही राहू दिलंत? एवढी बदनामी?'

'रोज संध्याकाळी येऊन हात जोडायचा की! मग बसायचो इथेच, चहा घेत.'

रोज संध्याकाळी! मला सांगायचे, जरा पाय मोकळे करून येतो.

११ फेब्रुवारी

निघताना भाऊजी आणखी एक बोलले. काल लिहवलं नाही.

'तो गेला त्या संध्याकाळी मी दोन चहा सांगून बसलो होतो, वहिनी. दुसऱ्या दिवशीही दोनच सांगितले.'